बोअर युद्धातला बुशमन उभा करताना: प्रकल्प नोंदी

११ जानेवारी २०२५, शनिवार

ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यातल्या ज्या गावात आम्ही गेली नऊ वर्षं राहतो, तिथल्या इतिहास मंडळाचं दोन खोल्यांचं संग्रहालय आहे. आज बैठकीत काम माझ्या गळ्यात पडलं. काम असं: १९०० साली दक्षिण आफ्रिकेत इंग्रजांच्या बाजूने बोअर लोकांशी (तिथले डच वंशाचे शेतकरी) लढायला गेलेल्या व्हिक्टोरियन बुशमन तुकडीतला एक स्वार, म्हणजे त्याचा पुतळा, अंगापिंडासकट उभा करायचा. उद्घाटन १ जूनला. ते युद्ध ३१ मे १९०२ ला संपलं, त्याची आठवण इथे त्याच्या जवळच्या रविवारी पाळतात.

बुशमेन म्हणजे दक्षिण आफ्रिकेतले ते मूळ रहिवासी नव्हेत. इथे बुश म्हणजे रान, आणि बुशमन म्हणजे रानात राबणारा गडी: गुरं हाकणारा, कुंपण घालणारा, मेंढ्यांची लोकर कातरणारा. डिसेंबर १८९९ मध्ये स्टॉर्मबर्ग, मॅगर्सफॉन्टेन आणि कोलेन्सो अशा तीन ठिकाणी एका आठवड्यात इंग्रजांनी मार खाल्ला. बोअर शेतकरी घोड्यावर यायचे, उतरून नेम धरायचे आणि पसार व्हायचे. तेव्हा लंडनला साक्षात्कार झाला की कवायतीच्या शिपायापेक्षा रानात वाढलेला माणूस बरा. इकडे वर्गणी काढून तुकड्या उभ्या राहिल्या. मुख्य अट दोन गोष्टींची होती: घोड्यावर बसता आलं पाहिजे, आणि बंदूक चालवता आली पाहिजे.

मी यात का पडलो? मी मूळचा नगरचा. आमच्या भुईकोट किल्ल्यात नेहरू होते हे शाळेत सगळ्यांना घोकायला लावतात, पण त्याच्या चाळीस वर्षं आधी नगरात बोअर कैदी आणून ठेवले होते, ते माझे आजोबा सांगायचे. एका बाजूचे लोक माझ्या गावात कैदेत, दुसऱ्या बाजूचे माझ्या आताच्या गावातून निघालेले. एवढं कारण मला पुरलं.

मंडळाने ५०० डॉलर मंजूर केले. फायबरग्लासच्या पूर्ण आकाराच्या घोड्याचा भाव विचारला: ४,८०० डॉलर, वाहतूक वेगळी. घोडा तूर्त बाजूला.

१८ जानेवारी

जुन्या कपड्यांच्या दुकानातून पुरुषी पुतळा ६० डॉलरला. डाव्या हाताचं एक बोट नाही. चालेल.

ऑनलाइन 'ऑस्ट्रेलियन घोडेस्वाराचा काडतूस पट्टा' मागवला, १४० डॉलर. सुबक आहे, नऊ खिसे, पितळी खुंट्या. इथेच पहिला खड्डा होता आणि मी त्यात डोळे उघडे ठेवून पडलो.

२५ जानेवारी

पट्टा चुकीचा आहे. मंडळातले ७८ वर्षांचे निवृत्त खोगीरवाले आजोबा (इथे त्यांना नावानेच हाक मारतात, माझ्या मनात मात्र आजोबाच) पट्टा हातात घेऊन हसले. म्हणाले, "हा तुझ्या माणसाच्या मुलाचा आहे."

खिशांचा पट्टा १९०३ चा नमुना. त्यातल्या प्रत्येक खिशात पाच-पाच काडतुसांच्या दोन पट्ट्या बसतात. आता गंमत बघा: १९०० साली इंग्रजी बाजूच्या ली-एनफील्ड बंदुकीत अशी पाचांची पट्टी भरायची सोयच नव्हती. मॅगझिनमध्ये (बंदुकीच्या काडतूस-पेटीत) दहा काडतुसं मावायची, पण एकेक करून कोंबायची. समोरच्या बोअरकडे जर्मन माउझर होती. पाचांची पट्टी लावली, अंगठ्याने दाबली, झालं. त्यामुळे आपल्या स्वाराच्या पट्ट्याला खिसे नव्हते, घरं होती. पन्नास काडतुसं, पन्नास घरं, चामड्याची, वरून उघडी.

आणि उघडी असल्यामुळे दौडताना काडतुसं उडून पडायची. मागून येणारे बोअर ती गोळा करायचे. म्हणजे आपल्याच पट्ट्यातून शत्रूला रसद. पुढे खिसे आले त्यामागे हे एक मोठं कारण.

जो कुणी हे काम करायला घेईल त्याने एवढं ध्यानात ठेवावं: बाजारात 'ऑस्ट्रेलियन घोडेस्वार' म्हणून जे काही मिळतं ते सगळं पहिल्या महायुद्धातलं असतं. लाइट हॉर्स म्हणजे तेव्हाचे ऑस्ट्रेलियन घोडेस्वार, बेअरशेबा म्हणजे त्यांची पॅलेस्टाइनमधली गाजलेली चाल, १९१७. त्या एका युद्धाने आधीच्या युद्धावर अशी चादर पांघरली आहे की खालचा माणूस दिसतच नाही. मी हे वाक्य आज लिहिलं खरं, पण पुढे आणखी तीनदा त्याच चुकीत गेलो.

पट्टा ९० डॉलरला विकला. तोटा ५०.

१ फेब्रुवारी

घोड्याचा प्रश्न सुटला, आणि तो पैशाने नाही, इतिहासाने सोडवला.

मंडळातल्या काहींना घोडा हवाच होता. "घोड्याशिवाय घोडेस्वार कसला?" मी एलँड्स रिव्हरच्या वेढ्याची हकिगत मांडली. ऑगस्ट १९००, पश्चिम ट्रान्सवालमधला ब्राकफॉन्टेनचा माल साठवायचा तळ. सुमारे ५०० माणसं, त्यातले ३०० च्या आसपास ऑस्ट्रेलियन वसाहतींमधले, बाकीचे बहुतेक ऱ्होडेशियन (आजच्या झिंबाब्वेतले). क्वीन्सलँड आणि न्यू साउथ वेल्सचे जास्त, व्हिक्टोरियाचे ४२. ४ तारखेला सकाळी बोअर सेनापती डे ला रेच्या तोफा सुरू झाल्या. पहिल्या दोन दिवसांतच हजाराच्या वर गोळे पडले. माणसांनी कठीण जमीन संगिनीने उकरून खड्डे केले, पुढे पिंप, पेट्या, गाड्यांची चाकं रचली. जनावरांना मात्र आडोसा कसला? घोडे, खेचरं, बैल मिळून सुमारे १५०० जनावरं गेली. डे ला रेने सन्मानाने शरण या म्हणून निरोप धाडला, तो तळाचा प्रमुख कर्नल होरने नाकारला. सोडवायला निघालेला इंग्रज जनरल कॅरिंग्टन अर्ध्यातून मागे फिरला. शेवटी १६ तारखेला इंग्रज सेनानी किचनर पोहोचला.

म्हणजे तेरा दिवस हे घोडेस्वार घोड्याविना लढले. आपला माणूस खड्ड्यात गुडघा टेकून, शेजारी रिकामं खोगीर. घोडा नाही, कारण घोडा मेलेला आहे. ४,८०० डॉलर वाचले आणि मांडणी जास्त खरी झाली. आजोबांनी लगेच मान डोलावली. एक बाई कुरकुरल्या, मुलांना घोडा आवडतो म्हणून. त्यांचं चूक नाही.

तसेही हे लोक तलवारी परजत चाल करणारे नव्हते. घोड्यावरून पोहोचायचं, उतरायचं, चौघांतल्या एकाने चारही घोडे धरून मागे थांबायचं आणि तिघांनी पायी लढायचं. घोडा म्हणजे वाहन.

८ आणि ९ फेब्रुवारी

पट्टा स्वतः बनवायला घेतला. शनिवार-रविवार दोन्ही वाया.

मूळ पट्टा: साडेसात सेंटिमीटर रुंद, सालीत कमावलेलं चामडं (इथे वॉटलची साल वापरतात, आपल्या बाभळीची भाऊबंदच). त्यावर ३८ मिलिमीटर रुंदीची दुसरी पट्टी लाटेसारखी शिवत जायची. प्रत्येक लाट म्हणजे एक घर. दोन घरांमध्ये एक शिवण, म्हणजे पन्नास घरांना एक्कावन्न शिवणी.

खरी काडतुसं बिनपरवान्याची जवळ ठेवता येत नाहीत, म्हणून १२ मिलिमीटरचा गोल लाकडी दांडा कापून पन्नास नकली केली. हिशेब कागदावर केला: एका घराला २६ मिलिमीटर पट्टी, पन्नासांना १३०० मिलिमीटर. पट्टी तेवढी कापली, भिजवली, दांड्यांवर दाबून शिवत गेलो.

४३ व्या घरावर पट्टी संपली. प्रत्येक घर प्रत्यक्षात ३० मिलिमीटर खात होतं. मी चामड्याची स्वतःची जाडी हिशेबात धरलीच नव्हती. चार मिलिमीटर म्हणजे काय मोठं, असं एका घरापुरतं वाटतं. पन्नास घरांना ते वीस सेंटिमीटर होतात.

त्यात बाहेर ३९ अंश. मी शिवलेला पट्टा पडवीत टांगला. संध्याकाळी बघतो तर चामडं आखडून दांडे जागच्या जागी गच्च. आठ दांडे पक्कडीने ओढून काढले, त्यात तीन घरं फाटली.

१२ फेब्रुवारी

रात्री नगरला फोन लावला. आमच्या गल्लीच्या तोंडाशी चपला शिवणारे काका अजून बसतात, मुलगा व्हिडिओ कॉल लावून देतो. पट्टा कॅमेऱ्यापुढे धरला.

"अरे, हे उन्हात वाळवलंस का?"

"पडवीत, काका. सावलीत."

"सावलीत पण वारा लागतोच ना. चामडं ओलं असताना ताणतं, वाळताना आखडतं. माप वाळल्यावरचं धर. आणि साचा आत ठेवून पूर्ण वाळू नको देऊस. निम्मं वाळलं की साचा फिरवत जा, गोल गोल, जशी आम्ही वहाणेची अंगठ्याची कडी फिरवतो तशी."

मग विचारलं, हे कुणासाठी करतोयस. सांगितलं. त्यावर म्हणाले, "म्हणजे ते किल्ल्यातले गोरे?" मी म्हणालो, नाही काका, त्यांच्याशी लढणारे. "दोन्ही गोरेच ना?" म्हणाले, आणि गिऱ्हाईक आलं म्हणून फोन ठेवला.

२२ फेब्रुवारी

आणखी एक चूक सापडली, आणि बरं झालं दुसरी पट्टी शिवायच्या आधी सापडली. .३०३ काडतूस सरळ नळी नसतं. बुडाशी ११.७ मिलिमीटर, वर निमुळतं होत खांद्याशी १०.२, मग मान. बूड म्हणजे कडा १३.७. काडतूस पट्ट्यात गोळी खाली करून बसतं आणि कड्यामुळे अडकतं. माझे दांडे सरळ १२ चे. त्यांवर घडवलेलं घर खालून सैल राहणार, खरं काडतूस त्यात डुलणार.

शेजारच्या वाडीतल्या एका शेतकऱ्याकडे लाकडी लेथ आहे. त्याने एका दुपारी पन्नास निमुळते साचे कातून दिले. पैसे घेतले नाहीत, बायकोने केलेल्या शंकरपाळ्यांचा डबा घेतला. त्याचे पणजोबा १९०१ मध्ये पाचव्या व्हिक्टोरियन माउंटेड रायफल्समधून गेले होते. विल्मन्सरस्टबद्दल त्याने एकच वाक्य काढलं: "घरात कधी बोलायचे नाहीत." १२ जून १९०१ च्या रात्री त्या तळावर बोअर अंधारातून आत शिरले. बंदुका तंबूंबाहेर रचून ठेवलेल्या, माणसं जेवून पडलेली. काही मिनिटांत खेळ संपला, दीड डझनावर माणसं मेली. नंतर त्यांच्या इंग्रज जनरलने सगळ्या तुकडीला भेकड म्हणून शिव्या घातल्या, त्यावर शिपाई बिथरले आणि तिघांना बंडासाठी देहदंडाची शिक्षा झाली. ती पुढे रद्द झाली, पण इंग्रज अधिकाऱ्यांबद्दलची अढी राहिली ती राहिलीच.

१ आणि २ मार्च, ८ मार्च

दुसरी पट्टी. ४५ डॉलरचं नवीन चामडं, १५५० मिलिमीटर कापलं, म्हणजे पाच सेंटिमीटर पदरात जादा. भिजवून अर्धा तास कापडात गुंडाळून ठेवलं. शिवणींच्या खुणा आधीच १८ मिलिमीटरवर मारल्या, मोजपट्टी उचलून उचलून नाही, एकदाच पूर्ण लांबीवर ठेवून. उचलत गेलं की चूक साठत जाते.

आरीने भोक, दोन सुया, मेण लावलेला दोरा, एकाच भोकातून दोन्ही बाजूंनी. एका शिवणीत अकरा टाके. एक्कावन्न शिवणी म्हणजे ५६१ टाके. सुरुवातीला एका शिवणीला वीस मिनिटं लागत होती, शेवटी दहा. एकूण तेरा तास. काकांच्या सांगण्याप्रमाणे दर तासाला साचे फिरवले. रात्री गजर लावून दोनदा उठलो. बायकोने विचारलं, "बाळाला पाजायला उठायचास का रे इतक्या वेळा?" उत्तर नव्हतं.

पन्नासही घरं बसली. सत्ताविसावं जरा तिरकं आहे. ते पाठीवर येतं.

१५ मार्च

टोपी. ९५ डॉलरची सशाच्या लोकरीची फेल्ट टोपी घेतली. सगळ्यांना ठाऊक असलेली ती ऑस्ट्रेलियन टोपी, डावीकडची कड वर वळवलेली. किटलीच्या वाफेवर कड मऊ केली, वळवली, हूक शिवला, भोवती पगडी गुंडाळली. पगडी म्हणजे टोपीभोवतीचा कापडी पट्टा. इथेही तिला आपलाच शब्द आहे, उच्चार तेवढा 'पगरी'.

दुपारी झोकात फोटो काढून मंडळाच्या ग्रुपवर टाकला. पाच मिनिटांत आजोबांचा मेसेज: "व्हिक्टोरिया उजवीकडे."

१८८५ मध्ये टॉम प्राइस या अधिकाऱ्याने व्हिक्टोरियन माउंटेड रायफल्स उभी केली, तेव्हा त्याने कड उजवीकडून वळवली. १८९० मध्ये सगळ्या वसाहतींच्या सेनाप्रमुखांनी ठरवलं, की व्हिक्टोरिया आणि टास्मानिया उजवीकडे, बाकीचे डावीकडे. सगळीकडे डावी कड झाली ती देश एक झाल्यावर.

आता पंचाईत अशी, की त्या वेळच्या फोटोंमध्ये दोन्ही प्रकार दिसतात. माणसं ऐटीत आपल्याला हवी तशी टोपी घालत असणार. शिवाय फोटो छापताना उलटा झालाय का हेही बघावं लागतं. त्याला सोपी युक्ती आहे: कोटाची बटणं बघा. पुरुषी कोटाची डावी बाजू उजवीवर येते. उलटी दिसली की फोटोच उलटा छापलाय. मी जमवलेल्या अकरा फोटोंतला एक असा निघाला.

नियम उजवीकडचा, म्हणून उजवी कड करायची ठरवलं. वळवलेली फेल्ट परत सरळ केली, पण हुकाची भोकं आणि मोडीची रेघ गेली नाही. दुसरी टोपी, आणखी ९५. जुनी टोपी आता माझा मुलगा क्रिकेटला घालून जातो.

२९ मार्च

कपडे. खाकी ड्रिल, ८४ डॉलर. शिवण बायकोच्या मैत्रिणीने केली, मी फक्त बटणं लावली (२२ डॉलर). कापड नवं कोरं दिसत होतं, खाक म्हणजे धूळ या शब्दाला न शोभणारं. अंगणातली तांबडी माती पाण्यात कालवून त्यात रात्रभर भिजवलं, सकाळी झटकून उन्हात घातलं. चहाच्या पाण्याचा प्रयोग आधी एका तुकड्यावर केला होता, तो गुलाबीसर झाला. चहा नको.

पायपट्ट्या. हाही आपल्याच 'पट्टी'वरून गेलेला शब्द. हिंदुस्थानातल्या पलटणींकडून तो साऱ्या साम्राज्यात गेला. लोकरी कापडाच्या दोन पट्ट्या, प्रत्येकी पावणेतीन मीटर, ५२ डॉलर. मी घोट्यापासून गुंडाळत गुडघ्याशी नाडी बांधली. शाळेत स्काउटमध्ये असताना तसंच शिकवलं होतं. पण ते पायदळाचं. घोडेस्वार गुडघ्याखालून सुरुवात करून खाली येतो आणि नाडी घोट्याशी बांधतो. गुडघ्याशी गाठ आली की खोगिराला घासते. सोडलं, पुन्हा गुंडाळलं. पुतळ्याचा पाय वाकत नाही, त्यामुळे प्रत्येक वेळी पुतळा आडवा करावा लागतो. दोघं लागतात, एकट्याने करू नका. मी केलं आणि त्याचं आणखी एक बोट गेलं.

१२ एप्रिल

दोन चुका एकदम, दोन्ही त्याच जातीच्या.

एक: टोपीला लावायला 'उगवता सूर्य' बिल्ला घेतला होता, १८ डॉलर. तो बिल्ला १९०२ सालचा, युद्धाच्या शेवटी गेलेल्या तुकड्यांसाठी निघालेला. माझा माणूस मार्च १९०० मध्ये बोटीत चढला. ऑस्ट्रेलिया हा देश १ जानेवारी १९०१ ला झाला. तो निघाला तेव्हा ऑस्ट्रेलियन नव्हताच मुळी, व्हिक्टोरियन होता. हे कितीदा वाचलं होतं, तरी हात त्या बिल्ल्याकडेच गेला. बिल्ला खणात.

दोन: संग्रहालयात भिंतीवर निकामी केलेली एक .३०३ बंदूक टांगलेली आहे. सगळ्यांचा समज, हीच बोअर युद्धातली. मोजली: ११३ सेंटिमीटर. म्हणजे आखूड नळीची, युद्धानंतरची. त्या युद्धातल्या अनुभवावरूनच पायदळाला आणि घोडदळाला एकच मधल्या लांबीची बंदूक द्यायचं ठरलं आणि ही निघाली. १९०० सालची लांब बंदूक हिच्याहून जवळजवळ तेरा सेंटिमीटर लांब. ती आणणं खर्चाने आणि परवान्याने आपल्या आवाक्याबाहेर, म्हणून ४० डॉलरच्या लाकडातून नक्कल कातली. जवळून बघितली तर लाकूड कळतं. खड्ड्याच्या कडेला, अर्धी मातीत. चालतं.

२५ एप्रिल

अँझॅक दिन, म्हणजे इथला युद्धात पडलेल्या सैनिकांचा स्मृतिदिन. पहाटे चौकात गेलो. काम बंद.

३ आणि १० मे

माहितीचा फलक. पट्ट्यापेक्षा जास्त वेळ इथे गेला हे कबूल करतो.

माझा पहिला मसुदा ४०० शब्दांचा. आजोबा म्हणाले, उभ्याने कुणी इतकं वाचत नाही. खरं सांगायचं तर निम्मी खोगीरभरती होती: मोझांबिकमधल्या बैराच्या बंदरातला ताप, तिथून आत जाणारी खेळण्यासारखी दोन फुटी रुंदीची रेल्वे, ऱ्होडेशियातून पायपीट. मला स्वतःला आवडलेलं सगळं. कापत कापत १३० शब्दांवर आणलं.

वाद झाला तो एका वाक्यावर: 'नंतरच्या काळात या तुकड्यांनी बोअरांची शेतंघरं जाळली आणि बायकामुलांना छावण्यांत पाठवलं.' दोघांचं म्हणणं, उद्घाटनाला त्या घराण्यांतली माणसं येणार, कशाला. मी म्हणालो, छावण्यांत पंचवीस हजारांहून जास्त बोअर बायकामुलं मेली, काळ्या लोकांच्या वेगळ्या छावण्यांत आणखी हजारो. हे आपल्या माणसाने एकट्याने केलं नाही, पण गुरं हाकून नेणारा आणि धान्य पेटवणारा हात त्याचाही होता. आणि तो स्वतः शेतकरी होता. कोठार पेटवताना आत काय आहे ते त्याला वासावरून कळत असणार.

एक आठवडा कुणी काही बोललं नाही. मग विल्मन्सरस्टवाल्या पणजोबांचा पणतू, तो लेथवाला, बैठकीला आला (तो मंडळाचा सभासदही नाही) आणि म्हणाला, ठेवा. वाक्य राहिलं. घोड्यांचंही एक वाक्य राहिलं: या युद्धात इंग्रजी बाजूची तीन लाखांवर घोडे मेले, बरेचसे गोळीने नाही, तर उपासमार, रोगराई आणि बोटीतून उतरवल्या उतरवल्या कामाला जुंपल्यामुळे.

माणसांचंही तसंच. ऑस्ट्रेलियातून सुमारे १६,००० लढायला गेले, ६०० च्या आसपास परतले नाहीत, त्यातले निम्मे आजाराने, मुख्यतः विषमज्वराने. संगिनीपेक्षा पाणी उकळणं महत्त्वाचं होतं.

१७ मे

पट्ट्यात दर्शनी बाजूला एका संग्राहकाने दिलेली चार खरी पितळी टरफलं (रिकामी, निकामी) बसवली होती, बाकी ४६ लाकडी, पितळी रंगाची. आज काढून बघितलं तर चारही टरफलांवर हिरवी, मेणासारखी बुरशीगत चिकटण, आणि घरांच्या आत हिरवे डाग. दहा आठवड्यांत. चामड्यातलं आम्ल आणि मी हौसेने चोळलेलं तेल, दोन्ही पितळेला खातात.

पुसलं, टरफलांना पारदर्शक लॅकरचे दोन हात दिले (२४ डॉलर). चामड्याला तेल बंद. ज्यांना खरं पितळ ठेवायचं असेल त्यांनी आधी लॅकर, मग पट्टा. त्या वेळच्या शिपायांना हे रोज पुसायला लागत असणार, त्याशिवाय काडतूस बंदुकीत अडकायचं.

२४ मे

खोगीर एका शेतकऱ्याने उसनं दिलं, फौजेचं, पोलादी कमानीचं. खालचा शिक्का बघितला तर १९१२ चा नमुना. चौथ्यांदा तेच. यावेळी बदललं नाही, वेळ नाही. शेजारी छोटी चिठ्ठी लावली: 'हे खोगीर युद्धानंतरचं आहे.' आजोबांना ही चिठ्ठी सगळ्या मांडणीत जास्त आवडली.

हिशेब, डॉलरमध्ये: पुतळा ६०, चुकीचा पट्टा १४०, चामडं ११० आणि ४५, दोरा-मेण-सुया ३८, टोप्या १९०, बिल्ला १८, कापड ८४, बटणं २२, पायपट्ट्या ५२, लाकडी दांडे १५, रंग २६, बंदुकीचं लाकूड ४०, लॅकर २४. एकूण ८६४. विकलेल्या पट्ट्याचे ९० वजा, ७७४. मंडळाचे ५००, उरलेले २७४ माझे. निव्वळ चुकांवर गेलेले २०८. तास १२० च्या पुढे मोजले नाहीत.

१ जून, रविवार

पाऊस. तरी साठेक माणसं आली. फलकावरचं ते वाक्य वाचून एक गृहस्थ न बोलता बाहेर गेले, दोघी-तिघी थांबून पुन्हा वाचत होत्या. एका मुलाने विचारलं, घोडा कुठाय? त्याच्या आईने फलकाकडे बोट दाखवलं.

गर्दी ओसरल्यावर नव्वदीच्या एक बाई काठी टेकत आल्या. आयुष्यभर गुरांमागे घोड्यावर असलेल्या. पुतळ्याकडे नाही, त्याच्या पायाकडे बघत होत्या. मग काठीचं टोक त्याच्या घोट्याला लावलं. "गाठ आतल्या बाजूला बांधलीस. घोड्याच्या कुशीला टोचेल. बाहेर हवी."

मंगळवारी लेथवाला मोकळा आहे. पुतळा आडवा करायला दोघं लागतात.